बोर्डाखालच्या चपला

आमच्या भागात वायरमन कामाला लागला, हे कुणाला ओरडून सांगावं लागत नाही. तो मेन स्विच खाली ओढतो, पायातल्या चपला काढतो आणि मीटरच्या बोर्डाखाली भिंतीला लावून ठेवतो. चपला तिथं आहेत तोवर घरधनीसुद्धा त्या बोर्डाला हात लावत नाही. चपला गेल्या म्हणजे वायरमन खाली उतरला, काम झालं, आता खुशाल पंखा लावा. नंदुरबारपासून तापीकाठापर्यंत कुठल्याही गावात जा, पोराटोरांनाही हे ठाऊक असतं.

मलाही ते ठाऊक होतं, पण आयटीआय करून आल्यावर मी त्याला हसले. वीजतंत्रीच्या कोर्सची दोन वर्षं मी पहिल्या बाकावर बसून काढली होती. स्विच बंद केल्यावर त्याला कुलूप लावावं, पाटी लावावी, हे मी वहीत अधोरेखित करून लिहिलं होतं. म्हणून कामाच्या पहिल्याच दिवशी पुठ्ठ्याची पाटी करून नेली. लाल शाईत, ठळक अक्षरांत: 'काम चालू आहे. कृपया स्विच चालू करू नये.'

उस्तादांनी चष्मा कपाळावर सरकवून ती वाचली. उस्ताद म्हणजे नंदुरबारचे वायरिंगचे जुने ठेकेदार. साठीला आलेले, अंगानं किडकिडीत, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण शहाणे झालो की मूर्ख, तेच कळू नये. ते म्हणाले, "अक्षर ब्येस शे. पन पाटी वाचाले शाळा लागस. चप्पलले काय लागस?"

त्यांनी पाटी मला परत दिली, चपला बोर्डाखाली ठेवल्या, पिशवीतून रबरी तळव्याचे कापडी बूट काढून पायात घातले आणि शिडी चढले. माझी पाटी दुपारपर्यंत त्या घरातल्या लहान पोरानं फाडून त्याची गाडी केली. मी त्या पोरावर इतकी खेकसले की त्याची आई बाहेर आली. माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढं त्याचा संबंध येणार आहे.

माझ्या बॅचच्या इतर मुली नाशिक-पुण्याच्या कारखान्यांत शिकाऊ म्हणून गेल्या. मलाही जायचं होतं. आमचं घर रनाळ्याचं. थोडी कापूस-मिरचीची शेती, आणि वडील गावातल्याच शाळेत शिपाई. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. आप्पांनी मला कोर्सला पाठवलं ते फी माफ होती आणि एसटीचा पास होता म्हणून. मुलगी खरंच शिडी चढेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आयटीआयचा कागद कपाटात राहील, लग्नाच्या बोलणीत सांगायला बरा, एवढाच त्यांचा हिशेब.

मी तीन दिवस जेवले नाही. चौथ्या दिवशी आप्पा मला मोटारसायकलवर बसवून उस्तादांकडे घेऊन गेले. कुठल्या तरी लग्नात त्यांची ओळख झाली होती. तो आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, आदला आठवडा होता. आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. मध्येच कुणी सोडून गेला तर त्यानं साल मोडलं म्हणतात, आणि साल मोडणाऱ्याला पुन्हा गावात कुणी चटकन कामाला ठेवत नाही. आप्पांनी तोच कायदा मला लावला.

"आखाजी ते आखाजी," ते उस्तादांसमोर मला म्हणाले. "सालदारसारखं. साल पुरं करं ते पुढनं तू जान. पन आंगले डाग लागना, काही मोडतोड व्हयनी, ते त्याच दिवशी घर. मंग रडानं नही."

मुलीच्या अंगाला डाग पडला की काम बंद, या अटीला उस्तादांनी मान डोलावली. वर्ष नीट काढलं तर कामाचा दाखला लिहून देतो, म्हणाले. तो दाखला जोडल्याशिवाय वायरमनच्या परवान्याचा माझा अर्ज पुढं सरकणार नव्हता. त्या दिवसापासून उस्ताद मला हाक मारायचे ती 'सालदार' अशीच. पहिले आठ दिवस मला त्याचा संताप यायचा. मग सवय झाली. मग कुणी नावानं हाक मारली तरच चुकल्यासारखं वाटायला लागलं.

ते वर्ष मी कसं काढलं, याची कुणाला गंमत वाटेल असं नाही. भिंतीत खाच पाडायची, पाइप बसवायचा, त्यातून वायर ओढायची. हातोडा छिन्नीवर कमी आणि बोटांवर जास्त. विसरवाडीला हायवेवरच्या एका ढाब्याचं काम होतं, तिथं ट्रकवाले चहा पिता पिता माझ्याकडे बघत राहायचे. एकानं विचारलं, लाइट चालू होईल ना नक्की? मी म्हटलं, तुमचं डोकं सोडून सगळं चालू होईल. उस्ताद शिडीवरून म्हणाले, "सालदार, जीभले बी एक फ्यूज बसाडी ले." ढाबेवाला पोट धरून हसला आणि मला फुकट लस्सी मिळाली.

चपलेवर माझा विश्वास बसला तो डोंगरात. हिवाळ्यात काठी गावाच्या पलीकडच्या एका पाड्यावर आम्ही गेलो होतो. कुडाच्या भिंतींचं घर, त्यात पहिल्यांदाच वीज येणार होती. त्यांची बोली आम्हाला कळेना, आमची त्यांना. तीन बल्ब आणि एक प्लग एवढं काम, पण ते समजावता समजावता उस्तादांच्या घशाला कोरड पडली. शेवटी बोलणं सोडून त्यांनी स्विच खाली केला, चपला काढून बोर्डाखाली ठेवल्या आणि एकदा चपलांकडे, एकदा स्वतःकडे बोट केलं. घरचा माणूस उठला, हातात काठी घेऊन चपलांपाशी उकिडवा बसला आणि आमचं काम होईपर्यंत तिथून हलला नाही. कोंबडीसुद्धा जवळ फिरकू दिली नाही. माझी पाटी तिथं काय कामाची होती? मी परतीच्या वाटेवर तसं कबूल केलं. उस्ताद जिंकल्याच्या आनंदात घाटभर शीळ घालत राहिले.

एक गोष्ट मात्र वर्षभरात माझ्या लक्षात आली नाही, आणि उस्तादांच्याही नाही. प्रत्येक घरात बोर्डाखाली जायच्या त्या त्यांच्याच चपला. काळ्या, जाड, अंगठ्याच्या, टाचेला झिजलेल्या. माझ्या चपला दारापाशी इतरांच्या चपलांत पडलेल्या असायच्या. दोघं एकाच कामावर, मग एकाच्या चपला पुरेत, इतका तो साधा हिशेब होता.

आखाजी पुन्हा आली. तिच्या आदल्या दिवशी माझ्या सालाचा शेवटचा दिवस होता. नंदुरबारजवळच्या एका गावात शेतकऱ्याच्या घरी मागं नवी खोली काढली होती, तिची वायरिंग संपत आली होती आणि फक्त पंखा टांगायचा राहिला होता. आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतो. त्या घराला चार लेकी आणि त्यांच्या पाठचा एक मुलगा. घरच्या मावशी सकाळपासून आत-बाहेर करत होत्या. तीन लेकी आल्या होत्या, चौथीची वाट होती. दारात चपलांचा ढीग, अंगणात नातवंडं, चुलीवर डाळ शिजत होती. मावशींनी येताच मला गूळ-पाणी दिलं आणि उस्तादांना म्हणाल्या, दुपारपर्यंत पंखा फिरला पाहिजे, चौथीचं बाळ तीन महिन्यांचं आहे.

पंख्याच्या हुकाचा बोल्ट बसेना. दुसरा आणायला उस्ताद मोटारसायकल काढून नंदुरबारला निघाले. जाताना म्हणाले, तोवर तू छतातल्या वायरींची तोंडं सोलून तयार ठेव. ते चपला घालून गेले. अर्थात. अनवाणी कोण मोटारसायकल चालवेल?

मी मेन स्विच खाली केला. दारापाशी जाऊन माझ्या चपला आणल्या, बोर्डाखाली भिंतीला लावून ठेवल्या आणि काम करायचे बूट घातले. पहिल्यांदाच माझ्या चपला त्या जागी होत्या. मला आठवतं, मी दोन पावलं मागं येऊन त्यांच्याकडे बघितलं होतं. मरून रंगाच्या, पट्ट्यावर टिकल्यांचं एक फूल असलेल्या, नंदुरबारच्या बाजारात घेतलेल्या. मला फार बरं वाटलं होतं, हे लपवून काय उपयोग? मग मी मागच्या खोलीत गेले, टेबलावर चढले, टेस्टर लावून बघितला. दिवा लागला नाही. मी वायर सोलायला घेतली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यात आठवतं. डावा तळवा नव्या गिलाव्याच्या ओल्या भिंतीवर होता, उजव्या हातात वायर. एकदम कुणी तरी आतून हात पिळल्यासारखं झालं. मला ओरडायचं होतं आणि जबडा उघडेना. मग जमीन आली. टेबलाची कड कोपराला लागल्याचा आवाज मी ऐकला, दुखलं नंतर.

सगळं घर धावून आलं. सर्वांत पुढं चौथी लेक, कडेवर तीन महिन्यांचं बाळ. ती नुकतीच आली होती. उन्हातून आलेलं बाळ रडत होतं, पंखा बंद, म्हणून तिनं बोर्डाकडे जाऊन मेन वर केला होता. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मी पहिले खाले देखं व्हतं. चप्पल नव्हती. माय, खरंच नव्हती."

उस्ताद तेवढ्यात परतले. आधी माझ्याकडे आले, डोळे बघितले, हात बघितला. उजव्या तळव्यावर दोन बोटांच्या मुळाशी कातडी पांढरी पडून आत खड्डा झाला होता, डावा कोपर फुगत चालला होता. मी शुद्धीवर आहे, एवढी खात्री झाल्यावर ते उठून बोर्डापाशी गेले आणि खाली बघितलं. तिथं काही नव्हतं. ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मी आजवर बघितला नव्हता असा झाला होता.

"चपला कोठे शेतस तुन्या?"

"बोर्डखाले," मी म्हटलं.

"बोर्डखाले नही शेत. दारमा शेतस. सगळ्यासन्या चपलासमा."

माझ्या चपला खरंच दारातल्या ओळीत होत्या, नीट जोडीनं लावलेल्या. मी म्हटलं, मी ठेवल्या होत्या. त्यांनी ऐकलं, पण मान हलवली नाही. ज्याच्या हातून वायर सुटते त्याला आमच्या धंद्यात माफी आहे. फ्यूज उडवतो त्यालाही आहे. चपला न ठेवता जो वर चढतो, त्याला नाही, कारण तो उद्या दुसऱ्याला मारणार. उस्तादांनी हे मला शंभर वेळा सांगितलं होतं. आता ते माझ्याकडे त्या माणसाकडे बघावं तसं बघत होते. मला रडू आलं नाही, राग आला. मी म्हटलं, "वरीसभर तुमना संगे शे, आनि मन्हा सबदवर इसवास नही? नका देऊ दाखला." उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यांनी मला मोटारसायकलवर मध्ये बसवलं, मागं घरधनी बसले, आणि आम्ही दवाखान्यात गेलो. मी अनवाणी होते, बूट कुणी तरी काढले होते.

कोपराला प्लास्टर, तळव्याला पट्टी. संध्याकाळी आप्पा आले. त्यांनी पट्टी बघितली, प्लास्टर बघितलं आणि डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, डाग राहील का? राहील, डॉक्टर म्हणाले. आप्पांनी मान डोलावली. घरी आल्यावर माझी हत्यारांची पिशवी त्यांनी स्वतः माळ्यावर टाकली.

ती आखाजी मी ओट्यावर बसून काढली. मैत्रिणी झोक्यावर बसून गाणी म्हणत होत्या, मला बोलावत होत्या, आई आमरसाची वाटी हातात देत होती. मला कशाचीच चव लागत नव्हती. हात भाजला त्याचं मला दुःख नव्हतं. साल अर्ध्या दिवसानं मोडलं, त्याचंही इतकं नव्हतं. मी चपला ठेवल्या होत्या आणि जगात ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, हे मला सहन होत नव्हतं. दोन-तीन दिवसांनी तर मलाच शंका यायला लागली. ठेवल्या होत्या ना? की ठेवायच्या आहेत असं नुसतं मनात आलं होतं? डोळे मिटून मी ती जागा आठवायची, भिंत, खालची फरशी, मरून पट्टा, टिकल्यांचं फूल. फूल दिसायचं. पण मला फूल दिसतं म्हणजे ते तिथं होतंच असं कुणाला पटवणार होते मी?

सहाव्या की सातव्या दिवशी दुपारी दारात रिक्षा थांबली आणि मावशी उतरल्या. त्याच, चार लेकींच्या. एकट्या आल्या होत्या. हातात कापडी पिशवी होती. आईनं पाणी दिलं, त्या प्यायल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी माझ्या मरून चपला काढल्या आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवल्या.

"काल चौथी बी सासरले गयी," त्या म्हणाल्या. "चार पोरी गयात, पन दारमा एक जोडी ऱ्हायनी. मी सगळ्यासले फोन करा. कोनीच नव्हती. मंग माले याद उनं."

त्यांना आठवलं ते असं. त्या दिवशी त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, तर मीटरच्या बोर्डाखाली बायकी चपला. वायरमन तर मोटारसायकलवरून गेलेला. त्यांना वाटलं, आपल्याच कुठल्या तरी लेकीनं दारात गर्दी म्हणून इकडे काढल्या. वायरमनच्या जागेवर चपला ठेवते म्हणजे काय, उगाच कुणी घाबरेल. म्हणून त्यांनी त्या उचलल्या आणि दारातल्या ओळीत नेऊन नीट लावल्या. नियम मोडला जाऊ नये म्हणून उचलल्या! पाच मिनिटांनी चौथी आली, तिनंही नियमाप्रमाणे आधी खाली बघितलं, आणि मेन वर केला.

"मीच उचल्यात," मावशी म्हणाल्या. "मन्हा याच हातस्नी. बाईमानूसनी चप्पल बी बोर्डखाले ऱ्हास, हाई माले काय मालूम पोरी? पन्नास वरीसमा कधी देखीच नही."

आणि त्या रडायला लागल्या. मीही रडले, आठवडाभराचं सगळं एकदम. त्यांना वाटलं मी त्यांच्यावर रागावून रडते आहे. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं. कुणी न विचारता, कुणी संशय न घेता, एवढ्या उन्हात एक बाई स्वतःची चूक पिशवीत घालून घेऊन आली होती. ती जोडी त्यांनी कामवालीला देऊन टाकली असती, तर कुणाला काय कळणार होतं?

आप्पा दाराआडून सगळं ऐकत होते. ते बाहेर आले, मावशींना नमस्कार केला, पण पिशवी काही माळ्यावरून काढली नाही. "डाग ते डाग," ते रात्री आईला म्हणाले. त्यांच्या बाजूनं ते खरंच होतं. वचनात चपलांचा विषय नव्हता, डागाचा होता.

मावशी आमच्याकडून सरळ उस्तादांकडे गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद आले. माफी वगैरे काही मागितली नाही, तो त्यांचा स्वभावच नाही. चहा घेतला, बशीत ओतून, सावकाश. मग आप्पांना म्हणाले, "तुमनी पोर चपला ठेवीसन चढनी व्हती. मी तिन्हावर इसवास करा नही. हाई मन्ही चूक शे." बशी खाली ठेवून ते पुढं म्हणाले, "आते सालनं सांगा. अर्धा दिवस बाकी शे. सालदार आजारी पडस, ते तेन्हा दिवस पुढे भरी लेतस. तुमना गावमा काय करतस?"

आप्पा अडकले. वर्षापूर्वी कायदा त्यांनीच लावला होता. आजारी सालदाराचा दिवस पुढं भरून घेतात, हे रनाळ्यात कोण नाकारेल? त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग छताकडे. शेवटी म्हणाले, "अर्धाच दिवस. पुढनं पुढे देखसूत." मी हसू दाबलं. माझे आप्पा शब्दाचे पक्के, म्हणून शब्दातच सापडायचे.

प्लास्टर निघण्याआधी उस्तादांनी पुन्हा एक फेरी मारली. त्या वेळी कागदात गुंडाळलेली एक जोडी घेऊन आले. काळ्या, जाड, अंगठ्याच्या, पुरुषांच्या चपला, माझ्या मापाच्या जवळपास. आता कामावर या ठेवत जा, सगळ्यांना कळेल, म्हणाले. माझं डोकं सणकलं. चपला मी ठेवल्या होत्या, उचलल्या दुसऱ्यांनी, आणि बदलायच्या मी? पण ते गेल्यावर मी पुष्कळ विचार केला. मावशींनी माझ्या चपला बघितल्या नव्हत्या असं नाही, चांगल्या बघितल्या होत्या. त्यांना त्यात वायरमन दिसला नाही, एवढंच. जे बघणाऱ्याला दिसत नाही ते ठेवून काय उपयोग? माझा मान मोठा की माझा जीव? उस्तादांनी मला माझ्या जिवासाठी त्या चपला आणून दिल्या होत्या. मी त्या पिशवीत टाकल्या. मनापासून नाही, पण टाकल्या.

दीड महिन्यानं आम्ही त्या घरी गेलो. मधल्या काळात त्या खोलीतला पंखा तसाच खोक्यात पडून होता. मावशींनी दुसऱ्या कुठल्या वायरमनला हात लावू दिला नव्हता. घर आता मोकळं होतं, दारात दोनच जोड्या. झोक्याचा दोर लिंबाला अजून लोंबत होता. आप्पाही आले होते, त्यांनी शाळेतून रजा टाकली होती. मला सोडायला आलो म्हणाले आणि ओट्यावर बसले ते बसले.

मेन खाली केला. पिशवीतून पुरुषी चपला काढल्या आणि बोर्डाखाली ठेवल्या. मावशी बघत होत्या.

"या कोन्या?"

"मन्याच," मी म्हटलं. "कामन्या."

त्या वाकल्या, गुडघ्यावर हात टेकून. त्या काळ्या चपला त्यांनी उचलल्या आणि दारात नेऊन ठेवल्या. मग माझ्या मरून चपला दोन्ही हातांनी घेऊन आल्या, बोर्डाखाली भिंतीला लावल्या, आणि एक चप्पल थोडी तिरकी झाली होती ती सरळ केली. मावशींनी स्वयंपाकघरातून पाट आणला, चपलांशेजारी मांडला आणि भिंतीला टेकून बसल्या. मला डोंगरातल्या पाड्यावरचा तो काठी घेऊन बसलेला माणूस आठवला.

मी मागच्या खोलीत गेले, टेबलावर चढले. छतातून वायरीची दोन टोकं लोंबत होती, एकाचं आवरण मी अर्धवट सोलून ठेवलं होतं, तसंच होतं. खरं सांगते, त्या क्षणी मला खाली उतरावंसं वाटलं. आप्पांना सांगावं, घरी चला. भिंत आता कोरडी होती, टेस्टर हातात होता, सगळं बरोबर होतं, तरी हात वर जाईना.

तेवढ्यात बाहेर कुणाची तरी पावलं वाजली. मावशींचा मुलगा शेतातून आला असावा. घामाघूम माणूस आधी पंख्याकडेच जातो. बोर्डाकडे वळलेली त्याची पावलं मला ऐकू आली, आणि त्याचा आवाज, "हाई कोनी चप्पल ठेयी आठे? ताई उनी का?"

"ताई नही," मावशी म्हणाल्या. "हात नको लावू. वायरमन वर शे."

ओट्यावरून आप्पांचा खोकल्याचा आवाज आला. मी टेस्टर लावला. दिवा लागला नाही. मग वायर धरली.